ऑस्कर नामांकने : चाहत्यांच्या तक्रारी आणि नियमांची उत्तरे

ऑस्कर पुरस्कारांची नामांकने साधारणतः जानेवारीच्या उत्तरार्धात जाहीर होतात. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि भारतात सायंकाळचे सात. त्यामुळे पणजी, बेळगाव, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथील चित्रपटप्रेमीला ही नावे दिवेलागणीच्या वेळी, घरात बसून, जगाबरोबरच ऐकता येतात. बहुतेक चाहत्यांनी आपली स्वतःची यादी आधीच मनाशी तयार केलेली असते. पुढच्या अर्ध्या तासात तीन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. अपेक्षित नाव ऐकू आले की समाधान, अनपेक्षित नाव आले की आश्चर्य आणि आवडते नाव आलेच नाही की संताप. यांपैकी तिसरी प्रतिक्रिया सर्वांत दीर्घकाळ टिकते. ‘डावलले’ हा शब्द त्या आठवड्यात जितका वापरला जातो, तितका वर्षभरात क्वचितच वापरला जात असेल.

हा संताप अनेकदा रास्त असतो आणि कित्येकदा गैरसमजातूनही निर्माण होतो. नामांकने कोणी एक परीक्षक मंडळ बसून, चर्चा करून ठरवीत नाही. ती हजारो मतपत्रिकांच्या मोजणीतून बाहेर पडतात आणि त्या मोजणीची पद्धत साध्या बहुमताची नाही. चाहत्यांच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांमागील नियम यांचा हा परामर्श आहे.

पात्रता, लघुयादी आणि नामांकन

पहिला घोटाळा शब्दांचाच असतो. एखादा भारतीय चित्रपट ‘ऑस्करच्या शर्यतीत’ दाखल झाल्याची बातमी दर जानेवारीत झळकते, चाहते अभिनंदनाचा वर्षाव करतात आणि काही दिवसांनी नामांकनांच्या यादीत त्याचे नाव नसल्याचे पाहून हिरमुसतात. येथे तीन वेगळ्या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

पहिली पायरी पात्रतेची. अमेरिकेतील लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को परिसर, शिकागो, अटलांटा आणि डॅलस-फोर्ट वर्थ या सहा महानगरी भागांपैकी कोणत्याही एका ठिकाणी चित्रपट सलग किमान सात दिवस व्यावसायिक तत्त्वावर चित्रपटगृहात दाखवला गेला आणि आवश्यक अर्ज भरला गेला, की तो सर्वसाधारण विभागांसाठी पात्र ठरतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी याहून अधिक अटी आहेत. अशा सर्व पात्र चित्रपटांची एक यादी अकादमी सदस्यांच्या माहितीसाठी प्रसिद्ध करते. 2023 च्या सोहळ्यासाठी या यादीत 301 चित्रपट होते. त्यांत पं. वसंतराव देशपांडे यांच्या जीवनावरील ‘मी वसंतराव’ हा निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित मराठी चित्रपटही होता. ही नोंद अभिमानास्पद खरी. परंतु तिचा अर्थ मतदारांनी चित्रपट निवडला असा होत नाही, तर मतदारांना त्याला मत देता येईल एवढाच होतो. निवडणुकीच्या भाषेत सांगायचे, तर हा उमेदवारी अर्ज वैध ठरण्याचा टप्पा आहे.

दुसरी पायरी लघुयादीची. आंतरराष्ट्रीय चित्रपट, माहितीपट, लघुपट, मूळ गीत, पार्श्वसंगीत, दृश्य परिणाम अशा काही विभागांत मतदान दोन फेऱ्यांत होते आणि पहिल्या फेरीनंतर डिसेंबरमध्ये लघुयादी जाहीर केली जाते. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या लघुयादीत सध्या पंधरा नावे असतात. येथे मात्र मतदारांची पसंती खरोखर व्यक्त झालेली असते. पान नलिन यांचा गुजराती ‘छेल्लो शो’ या टप्प्यापर्यंत पोहोचला होता. हैदराबादेत वाढलेले नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ हाही डिसेंबर 2025 मध्ये पंधरांच्या यादीत होता. अंतिम पाचांत दोहोंना स्थान मिळाले नाही.

तिसरी पायरी प्रत्यक्ष नामांकनाची. बहुतेक विभागांत पाच आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट विभागात दहा नावे असतात. ‘ऑस्करसाठी नामांकित’ हे बिरुद केवळ या पायरीवर पोहोचलेल्यांनाच लावता येते.

नावे ठरवते कोण?

अकादमीची स्थापना 1927 मध्ये झाली आणि पहिला पुरस्कार सोहळा 16 मे 1929 रोजी हॉलीवूडमधील रूझवेल्ट हॉटेलात पार पडला. आज अकादमीचे सुमारे दहा हजार सदस्य मतदानास पात्र आहेत. ते सर्व चित्रपट व्यवसायातीलच असतात आणि त्यांची व्यवसायानुसार शाखांत विभागणी केलेली असते. समीक्षक, पत्रकार किंवा प्रेक्षक यांना मताचा अधिकार नसतो.

नामांकनाच्या फेरीत प्रत्येक शाखा आपापल्या कामापुरते मत देते. अभिनयाची नावे अभिनेते सुचवतात, दिग्दर्शनाची दिग्दर्शक, संकलनाची संकलक, वेशभूषेची वेशभूषाकार. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात मात्र सर्व शाखांचे सदस्य भाग घेतात. पुढे विजेता ठरवताना सर्व सदस्य सर्व विभागांत मत देऊ शकतात. 2026 च्या सोहळ्यापासून त्यासाठी एक नवी अट लागू झाली आहे. ज्या विभागात मत द्यायचे, त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत. ‘न पाहताच मते देतात’ ही चाहत्यांची फार जुनी तक्रार होती. तिची दखल उशिरा का होईना, घेतली गेली.

शाखानिहाय मतदानाचा परिणाम असा, की वेगवेगळ्या विभागांतील नामांकने म्हणजे एकाच समूहाचा एकसंध निकाल नसतो. छायाचित्रकारांना एखादे काम थोर वाटावे आणि दिग्दर्शकांना तोच चित्रपट सामान्य वाटावा, यात विसंगती काहीच नाही. चाहता मात्र सर्व नावे एका दमात ऐकतो आणि ‘अकादमीने’ असा एकवचनी कर्ता वापरून राग व्यक्त करतो.

पहिल्या पसंतीचे गणित

‘सगळ्यांनाच आवडलेला चित्रपट बाहेर आणि मोजक्यांनाच आवडलेला आत, असे कसे?’ हा चाहत्याचा सर्वांत कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर मतमोजणीत दडलेले आहे आणि ते समजणे भारतीय वाचकाला अवघड नाही, कारण राज्यसभेची निवडणूक याच तत्त्वावर होते. बेळगाव आणि हैदराबाद येथील वाचकांना विधान परिषदेच्या निवडणुकीमुळे ‘पहिल्या पसंतीची मते’ आणि ‘कोटा’ हे शब्द अधिकच परिचयाचे असतील.

मतदार आपली नावे पसंतीक्रमाने लिहितो. समजा एखाद्या शाखेत 600 मतपत्रिका आल्या आणि पाच जागा भरायच्या आहेत. एकूण मतांना जागांपेक्षा एक अधिक, म्हणजे सहाने भागायचे आणि आलेल्या संख्येत एक मिळवायचा. कोटा येतो 101. ज्याला पहिल्या पसंतीची 101 मते मिळाली, त्याचे नामांकन निश्चित. त्यानंतर सर्वांत कमी मते मिळालेले नाव बाद होते, त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीकडे वळतात आणि जागा भरेपर्यंत ही क्रिया चालू राहते. कोणाला कोट्याहून बरीच अधिक मते मिळाली असतील, तर त्या अधिकच्या मतांचा अंशही पुढे सरकतो.

आता एक टोकाचे उदाहरण घ्यावे. एका अभिनेत्रीचे काम सर्वच्या सर्व 600 मतदारांनी दुसऱ्या क्रमांकावर लिहिले, पण पहिल्या क्रमांकावर एकानेही लिहिले नाही. ती पहिल्याच मोजणीत बाद होते. दुसऱ्या अभिनेत्रीचे काम 490 जणांनी यादीतही घेतले नाही, परंतु 110 जणांनी पहिल्या क्रमांकावर ठेवले. तिला नामांकन मिळते. म्हणजे ही पद्धत सर्वसाधारण पसंतीपेक्षा उत्कट पसंतीला अधिक किंमत देते. ‘सर्वांनाच बरा वाटलेला’ चित्रपट या फेरीत मागे पडतो आणि ‘काहींना जिवापाड आवडलेला’ चित्रपट पुढे जातो.

अंतिम फेरीत चित्र उलटे होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा विजेताही पसंतीक्रमानेच ठरतो. परंतु तेथे जागा एकच असल्यामुळे निम्म्याहून अधिक मते गाठावी लागतात. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरची व्यापक पसंती निर्णायक ठरते. इतर विभागांत मात्र ज्याला सर्वाधिक मते, तो विजेता, असा सरळ हिशेब असतो. यामुळेच नामांकनांच्या दिवशी दिसणारे अकादमीचे रूप आणि सोहळ्याच्या रात्री दिसणारे रूप यांत पुष्कळदा फरक वाटतो.

‘दिग्दर्शकाशिवाय चित्रपट बनला काय?’

जवळजवळ दरवर्षी उद्भवणारी ही तक्रार. 2024 मध्ये तिने टोक गाठले. ‘बार्बी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह आठ नामांकने मिळाली, परंतु दिग्दर्शनाच्या यादीत ग्रेटा गर्विग नव्हत्या आणि प्रमुख अभिनेत्रींच्या यादीत मार्गो रॉबी नव्हत्या. सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळालेल्या रायन गॉस्लिंग यांनी स्वतःच्या आनंदापेक्षा या दोघींच्या अनुपस्थितीबद्दलची निराशा जाहीरपणे मांडली. पुरुषी सत्तेवर विनोद करणाऱ्या चित्रपटात पुरुषाला नामांकन आणि स्त्रियांना नकार, हा विरोधाभास चाहत्यांना झोंबला.

या प्रकरणात दोन बाबी सहसा झाकल्या गेल्या. गर्विग यांना पटकथेसाठी आणि रॉबी यांना निर्मात्या म्हणून त्याच वर्षी नामांकन मिळालेले होते, ही पहिली. दुसरी अशी, की त्या वर्षीच्या पाच दिग्दर्शकांत ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’च्या जुस्तीन त्रिए या फ्रेंच दिग्दर्शिकेचा समावेश होता. दिग्दर्शकांच्या शाखेने स्त्रीला नाकारले असे म्हणता येत नव्हते. तिने वेगळ्या प्रकारचा चित्रपट पसंत केला होता. तिची निवड पटो वा न पटो, तक्रारीचा रोख तिथे असायला हवा होता.

इतिहास पाहिला, तर दिग्दर्शनाचे नामांकन नसतानाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा किताब मिळवलेली उदाहरणे आहेत. ‘ग्रँड हॉटेल’ला तर 1932 मध्ये एकच नामांकन होते आणि तोच पुरस्कार मिळाला. ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’, ‘आर्गो’, ‘ग्रीन बुक’ आणि ‘कोडा’ हे याच मालिकेतले. बेन अ‍ॅफ्लेक यांचे नाव 2013 मध्ये दिग्दर्शकांच्या यादीतून गळाले, तेव्हा ‘आर्गो’ची संधी संपली असे अनेकांना वाटले होते, प्रत्यक्षात पुढच्या काही आठवड्यांत त्या चित्रपटाबद्दलची सहानुभूती वाढत गेली.

तक्रारींनी बदललेले नियम

चाहत्यांच्या आरडाओरड्याने काही होत नाही, असे मानण्याचे कारण नाही. अकादमीच्या नियमपुस्तिकेतील काही महत्त्वाचे बदल नामांकनांनंतरच्या असंतोषाच्या पाठोपाठ आलेले आहेत.

1935 च्या सोहळ्याआधी बेटी डेव्हिस यांना ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’मधील भूमिकेसाठी नामांकन मिळाले नाही. त्या काळी या विभागात तीनच नावे होती. त्यावर इतका गहजब झाला, की मतपत्रिकेवर नसलेले नावही लिहून मत देण्याची मुभा अकादमीला द्यावी लागली. डेव्हिस तरीही जिंकल्या नाहीत. परंतु पुढच्या वर्षी, 1936 मध्ये, छायाचित्रकार हॅल मोर यांनी ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी अशाच हाताने लिहिलेल्या मतांवर पुरस्कार पटकावला. नामांकन नसताना ऑस्कर जिंकणारे ते एकमेव. ती मुभा नंतर बंद झाली. मतमोजणीचे काम प्राइस वॉटरहाउस या लेखापरीक्षण संस्थेकडे सोपवण्यात आले, तेही याच सुमारास.

दुसरा प्रसंग 2009 चा. ‘द डार्क नाइट’ला आठ नामांकने मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे मात्र नाही. प्रेक्षकांनी उचलून धरलेला आणि समीक्षकांनीही वाखाणलेला चित्रपट पहिल्या पाचांत नाही, याने मोठी नाराजी पसरली. त्याच वर्षी जूनमध्ये अकादमीने या विभागातील नावे पाचांवरून दहांवर नेण्याचे जाहीर केले. त्यामागे इतरही कारणे होती, तरी या निर्णयाची सांगड सर्वत्र ‘द डार्क नाइट’शीच घातली गेली. दहा ही संख्या वास्तविक नवी नव्हती. 1944 मध्ये ‘कॅसाब्लांका’ने पुरस्कार मिळवला, तेव्हाही दहाच नावे होती. पुढे काही वर्षे पाच ते दहा अशी लवचिक संख्या ठेवून पाहण्यात आली आणि 2022 च्या सोहळ्यापासून ती पुन्हा दहावर स्थिर झाली.

तिसरा प्रसंग अधिक गंभीर. 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षे अभिनयाच्या चारही विभागांतील वीसच्या वीस नामांकित कलाकार गोरे होते. एप्रिल रेन यांनी समाजमाध्यमावर सुरू केलेल्या हॅशटॅगमधून या तक्रारीला चळवळीचे स्वरूप आले. येथे प्रश्न एखाद्या आवडत्या नटाचा नव्हता, मतदार कोण आहेत हा होता. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने 2012 मध्ये केलेल्या पाहणीत अकादमीच्या मतदारांपैकी सुमारे 94 टक्के गोरे आणि 77 टक्के पुरुष असल्याचे आढळले होते. जानेवारी 2016 मध्ये अकादमीने स्त्रिया आणि अल्पसंख्य समुदायांतील सदस्यांची संख्या 2020 पर्यंत दुप्पट करण्याचा संकल्प सोडला. अमेरिकेबाहेरील चित्रपटकर्मींनाही मोठ्या संख्येने निमंत्रणे गेली. त्यांत भारतीयही होते. 2020 मध्ये कोरियन ‘पॅरासाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला. इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला तो प्रथमच मिळाला. त्याची पार्श्वभूमी या बदलात शोधावी लागते.

एका देशाचा एकच चित्रपट

भारतीय चाहत्याचा सर्वाधिक राग मात्र नामांकनांच्या चार महिने आधीच, सप्टेंबरात, उफाळून येतो. आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाला एकच प्रवेशिका पाठवता येते. भारताची प्रवेशिका फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया नेमते ती समिती निवडते. म्हणजे अकादमीच्या सदस्यांनी डावलण्याआधी एक चाळणी घरातच लागलेली असते. दरवर्षी अनेक भाषांत मोठ्या संख्येने चित्रपट बनवणाऱ्या देशाला ही अट इतरांपेक्षा अधिक जाचते.

2013 मध्ये ‘द लंचबॉक्स’ऐवजी ग्यान कोरिया यांचा गुजराती ‘द गुड रोड’ निवडला गेला. 2022 मध्ये ‘आरआरआर’ऐवजी ‘छेल्लो शो’ गेला. हैदराबादेतील चाहत्यांना ते रुचले नाही. पण ‘आरआरआर’च्या निर्मात्यांनी सर्वसाधारण विभागांचा मार्ग धरला आणि मार्च 2023 मध्ये ‘नाटू नाटू’ने मूळ गीताचा पुरस्कार आणला. एखाद्या भारतीय चित्रपटातील गीताला हा मान प्रथमच मिळाला. देशाची प्रवेशिका नसणे म्हणजे सर्व दारे बंद होणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. अर्थात अमेरिकेत चित्रपट वितरित करण्याची आणि मतदारांपर्यंत पोहोचवण्याची आर्थिक ताकद मागे असावी लागते.

2024 मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ने कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवला. मुंबई आणि रत्नागिरी येथे घडणाऱ्या या चित्रपटात मल्याळम व हिंदीबरोबर मराठीही ऐकू येते. समितीने मात्र किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ पाठवला. तो पंधरांच्या यादीतही आला नाही. उलट संध्या सुरी यांचा, ब्रिटनने पाठवलेला हिंदी ‘संतोष’ त्या यादीत होता. योगायोगाने छाया कदम या मराठी अभिनेत्रीची महत्त्वाची भूमिका ‘लापता लेडीज’ आणि ‘ऑल वी इमॅजिन’ या दोन्ही चित्रपटांत आहे. त्यामुळे मराठी चाहत्याला बाजू घेणे आणखी कठीण झाले असेल.

समितीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘देशाचे प्रतिनिधित्व करणारा चित्रपट’ आणि ‘परदेशी मतदारांना भावेल असा चित्रपट’ हे निकष एक नाहीत. यांपैकी कोणता पुढे ठेवायचा, हे नियमात लिहिलेले नाही. जोवर ते स्पष्ट होत नाही, तोवर दर सप्टेंबरात हाच वाद होणार.

मराठीचा अनुभव

आजवर भारताचे तीनच चित्रपट या विभागातील अंतिम पाचांत पोहोचले : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि आशुतोष गोवारीकर दिग्दर्शित ‘लगान’. त्यांपैकी एकालाही पुरस्कार मिळाला नाही. ‘लगान’च्या वेळी, 2002 मध्ये, बोस्नियाचा ‘नो मॅन्स लँड’ विजयी ठरला.

मराठी चित्रपटांना भारताची प्रवेशिका होण्याचा मान मिळाला, त्यांत संदीप सावंत यांचा ‘श्वास’, परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हे चित्रपट आहेत. 2004 मधला ‘श्वास’चा प्रवास आजही जुन्या चाहत्यांच्या स्मरणात आहे. ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट होता. अमेरिकेत मतदारांसाठी खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, तर पैसा लागतो, आणि तो निर्मात्यांकडे नव्हता. तेव्हा सर्वसामान्य मराठी माणसांनीही वर्गण्या दिल्या. नामांकन मिळाले नाही. पण चाहत्याची प्रतिक्रिया केवळ निकालानंतरच्या आनंदापुरती किंवा रागापुरती नसते, निकालाआधी ती खिशाला हात घालण्यापर्यंत जाऊ शकते, हे ‘श्वास’ने दाखवले.

‘कोर्ट’ची गत निराळी. 2014 मध्ये व्हेनिस महोत्सवात गौरव झालेला आणि पुढे सुवर्णकमळ मिळवलेला हा चित्रपट चाहत्यांना हमखास वाटत होता. अंतिम पाचांत तो नव्हता. महोत्सवाचा परीक्षक मंडळाचा कौल आणि हजारोंच्या मतपत्रिकांचा कौल यांत अंतर असते, याचा तो नमुना म्हणता येईल.

मराठीचा पहिला ऑस्कर मात्र यांपैकी कोणत्याही मार्गाने आला नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये, जॉन मोलो यांच्यासमवेत, तो मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. पुढे 2012 मध्ये त्यांनी ती बाहुली सुरक्षित जतनासाठी अकादमीकडेच परत सोपवली.

आपल्याकडील पुरस्कार

ऑस्करची तुलना आपल्या पुरस्कारांशी करताना एक भेद ध्यानात ठेवावा. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नामांकनांची जाहीर यादी नसते. परीक्षक मंडळ थेट विजेते जाहीर करते. त्यामुळे तेथे ‘शेवटच्या पाचांत कोण होते’ हे चाहत्याला कळत नाही आणि नामांकनाचा राग संभवत नाही; उरतो तो निकालाचा राग. महाराष्ट्र शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांत मात्र नामांकने जाहीर होतात. गोव्यात 2004 पासून भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूरासाठी स्पर्धेत निवडले जाणारे चित्रपट आधी कळतात आणि विजेता छोटे परीक्षक मंडळ ठरवते.

या महोत्सवाचा एक फायदा गोमंतकीय चाहत्याला विशेष होतो. विविध देशांनी ऑस्करसाठी पाठवलेले अनेक चित्रपट नोव्हेंबरात पणजीत पाहायला मिळतात. जानेवारीत आंतरराष्ट्रीय विभागाची पाच नावे वाचली जातात, तेव्हा त्यांतील दोन-तीन चित्रपट ज्याने प्रत्यक्ष पाहिलेले असतात, त्याच्या प्रतिक्रियेला वजन येते. केवळ ‘आपला का नाही’ असे न म्हणता ‘तो का आला’ हे तो सांगू शकतो.

यादीबाहेरचे चित्रपट

नामांकन म्हणजे अंतिम मूल्यमापन नव्हे, हे वाक्य सांत्वनासारखे वाटते. परंतु त्याला पुरावा आहे. ‘सिंगिन इन द रेन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळाले नव्हते, त्या वर्षीचा विजेता ‘द ग्रेटेस्ट शो ऑन अर्थ’ आज फारसा कोणी आठवत नाही. हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ला कला दिग्दर्शन आणि ध्वनी एवढीच दोन नामांकने होती, ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या 2012 मधील समीक्षकांच्या कौलात तोच पहिला आला. सत्यजित राय यांचे ‘अपुर संसार’, ‘महानगर’ आणि ‘शतरंज के खिलाडी’ भारताने पाठवले. एकालाही नामांकन मिळाले नाही. 1992 मध्ये अकादमीने राय यांना सन्माननीय ऑस्कर दिला, तेव्हा ते कोलकात्यात रुग्णालयात होते.

तरीही ‘पुरस्कारांना अर्थच नसतो’ असे म्हणणे बरोबर नाही. लहान चित्रपटाला नामांकनामुळे वितरक मिळतो, नवोदित दिग्दर्शकाला पुढच्या चित्रपटासाठी पैसा मिळतो आणि अपरिचित भाषेतील चित्रपट आपल्या गावातील प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. मोठ्या ताऱ्याचे एक नामांकन हुकले, तर त्याचे विशेष बिघडत नाही. लहान चित्रपटाचे हुकले, तर तो चित्रपट बहुतेकांना कधीच पाहायला मिळत नाही. चाहत्याचा राग या दुसऱ्या प्रकारच्या अन्यायासाठी राखून ठेवलेला बरा.

नामांकनांची पुढची यादी वाचताना काही प्रश्न विचारावेत. हे नाव कोणत्या शाखेने निवडले? या विभागात लघुयादी होती काय आणि आपला चित्रपट तिच्यात होता काय? तो अकादमीच्या मतदारांनी नाकारला, की त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही? आणि ज्याच्यामुळे आपले आवडते नाव गळाले असे वाटते, तो चित्रपट आपण पाहिला आहे काय? यांची उत्तरे मिळाल्यावरही राग उरला, तर तो नेमक्या ठिकाणी असेल, आणि अशा तक्रारीने पूर्वी नियम बदललेले आहेत.